निर्वेध सर्च रिपोर्ट आणि अपुऱ्या सह्या : इंदूरमधील एका जुन्या घराच्या खरेदीचे प्रकरण

इंदूरमध्ये रामबागेच्या परिसरात असलेले एक जुने दुमजली घर दोन सख्ख्या भावांनी विकायला काढले. खालच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक दुकान होते आणि त्यात जुना भाडेकरू होता. मागच्या भागात आणि वर दोन्ही भावांची बिऱ्हाडे होती. मागितलेली किंमत दोन कोटी चाळीस लाख रुपये होती. त्याच भागात निर्वेध कागदांचे तेवढेच घर दोन कोटी ऐंशी लाखांच्या आसपास जात होते, आणि मधल्या चाळीस लाखांकडे पाहूनच खरेदीदार पुढे आले होते. ते इंदूरचेच मराठी गृहस्थ. याआधी त्यांनी सदनिका घेतल्या-विकल्या होत्या, परंतु वारसांच्या मालकीचे जुने घर ते पहिल्यांदाच घेत होते. त्यांच्या बाजूने कागद तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पक्षकारांची ओळख पटेल असे तपशील येथे दिलेले नाहीत, आणि हिशेब स्पष्ट दिसावा म्हणून रकमा गोल केल्या आहेत.

दलालाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे नोंदणी कार्यालयात या घराबाबत नोंदलेल्या दस्तांच्या शोधाचा अहवाल, आधीच काढून ठेवला होता. त्यात विक्री, गहाण, बक्षीस यांपैकी कशाचीही नोंद नव्हती. नगर निगमाच्या मालमत्ता कर खात्यावर दोन्ही भावांची नावे होती आणि कराच्या पावत्या चालू वर्षापर्यंत भरलेल्या होत्या. एवढ्यावर ‘कागद एकदम साफ आहेत’ असे सांगितले जात होते. रिपोर्टमध्ये काही खोटे नव्हते. अडचण अशी की नोंदणी कार्यालयात दस्त नोंदले जातात, मृत्यू नोंदले जात नाहीत. मृत्युपत्र न करता मालक वारला की त्याची मालकी त्याच क्षणी वारसांकडे जाते, आणि या हस्तांतराचा कोणताही मागमूस इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीत, उरत नाही. ज्या घरात दोन पिढ्यांत तीन-चार मृत्यू झाले आहेत तेथे निर्वेध सर्च रिपोर्ट मालकीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही; त्याचा अर्थ इतकाच की कोणी काही नोंदवलेले नाही. म्हणून तीस वर्षांवर न थांबता मूळ खरेदीपर्यंत मागे जायचे आणि दस्तांऐवजी माणसांची यादी करायची, असे ठरले.

घर १९५८ मध्ये विक्रेत्यांच्या वडिलांनी नोंदणीकृत खरेदीखताने घेतले होते. ते गिरणीत नोकरीला होते आणि किंमत आपल्या कमाईतून दिल्याचा उल्लेख खरेदीखतातच होता. हा एक ओळीचा उल्लेख पुढे फार उपयोगी पडला. ते १९७४ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, तीन मुलगे आणि एक मुलगी. मधला मुलगा १९८६ मध्ये, आई हयात असताना वारला. त्याच्या मागे पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी राहिली. आई १९९६ मध्ये गेल्या. बहीण २०११ मध्ये गेली. तिचे यजमान आणि मुलगी महाराष्ट्रात, मुलगा अमेरिकेत. विकायला निघालेले ते थोरला आणि धाकटा भाऊ, आणि त्यांच्या मते घर दोघांचे अर्धे-अर्धे होते.

घरातले सगळेच या वास्तूला ‘वडिलोपार्जित’ म्हणत. बोलण्यात ते ठीक आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीने वडिलांनी स्वतःच्या पैशांतून घेतलेली मिळकत त्यांची स्वकष्टार्जित असते, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ती वारसांना मिळाली की प्रत्येकाचा हिस्सा त्याचा स्वतःचा होतो. नातवंडांना तिच्यात जन्मसिद्ध हक्क नसतो. चंद्र सेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हेच सांगितले. त्यामुळे या कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीवरून दोन्ही बाजूंनी जो वाद चालू होता तो या प्रकरणात निरर्थक होता. भावांना कोणीतरी सांगितले होते की वडील २००५ पूर्वी वारल्यामुळे बहिणीला हक्क नाही. बहिणीच्या मुलीला कोणीतरी सांगितले होते की २०२० च्या विनीता शर्मा निकालामुळे आता हक्क मिळतो. ती दुरुस्ती आणि तो निकाल, दोन्ही सहदायिकी मिळकतीबद्दल, म्हणजे जिच्यात जन्मानेच हक्क मिळतो अशा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहेत. या बहिणीचा हक्क १९७४ मध्येच, ती मृताची मुलगी म्हणून पहिल्या वर्गाची, म्हणजे सर्वांत आधी हक्क मिळणारी, वारस असल्यामुळे उत्पन्न झाला होता आणि भावांच्या हक्काइतकाच पक्का होता.

मग इतकी वर्षे तिने हिस्सा का मागितला नाही, हा भावांचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. त्याचे एक उत्तर कायद्यातच होते. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मागितल्याशिवाय स्त्री वारसाला मागता येणार नाही, असे हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३ मध्ये लिहिलेले होते. ते कलम ९ सप्टेंबर २००५ पासून रद्द झाले. दुकानात भाडेकरू असल्याने ते या घराला लागू होते की नाही यावर वाद घालता आला असता, परंतु सर्वसाधारण माणसाला वकिलाने ‘थांबा’ असेच सांगितले असते. शिवाय सहमालकाचा ताबा हा सर्व सहमालकांच्या वतीने असतो हे तत्त्व लक्ष्मी रेड्डी प्रकरणापासून, म्हणजे १९५७ पासून, पक्के आहे. भाऊ घरात राहिले आणि बहीण सासरी राहिली एवढ्याने बारा वर्षांची मुदत तिच्याविरुद्ध धावू लागत नाही. तिचा हक्क उघडपणे नाकारून तिला बाहेर ठेवल्याचे सिद्ध व्हावे लागते. येथे ती सणावाराला माहेरी येत होती आणि वरच्या खोलीत उतरत होती.

आता हिशेब. १९७४ मध्ये आई, तीन मुलगे व मुलगी असे पाच वारस, प्रत्येकी एक पंचमांश. १९८६ मध्ये मधल्या भावाचा पंचमांश चौघांत वाटला गेला: पत्नी, मुलगा, मुलगी आणि त्याची आई. मृत मुलाची आई ही पहिल्या वर्गाची वारस आहे, हे वंशावळी करताना इतक्या वेळा सुटते की मी ती ओळ नेहमी स्वतंत्र तपासतो. या चौघांना प्रत्येकी एक विसांश मिळाला आणि आईचा एकूण हिस्सा एक चतुर्थांश झाला. १९९६ मध्ये त्या मृत्युपत्राविना वारल्या असे धरले, तर तो चतुर्थांश चार शाखांत गेला: थोरला, धाकटा, बहीण, आणि मधल्या भावाची दोन्ही मुले मिळून एक शाखा. मधल्या भावाच्या पत्नीला, म्हणजे सुनेला, सासूच्या मिळकतीत वारस म्हणून हिस्सा नाही.

सोयीसाठी घराचे ऐंशी भाग मानले, तर किंमत दोन कोटी चाळीस लाख असल्याने एक भाग तीन लाखांचा होतो. पाच वारसांतले सोळा-सोळा भाग, मधल्या भावाच्या शाखेतले चार-चार आणि आईचे एकूण वीस. आईचे वीस भाग चार शाखांत पाच-पाच. ही बेरीज करून ठेवली म्हणजे पुढचा प्रत्येक कागद नेमके किती भाग हलवतो हे पाहता येते. या घरात असे तीन कागद होते.

पहिला, १९८९ चे नोंदणीकृत खरेदीखत. तीस वर्षांच्या सर्चमध्ये ते आले नव्हते कारण ते त्याहून जुने होते. मधल्या भावाच्या पत्नीने स्वतःकरिता आणि दोन्ही अज्ञान मुलांची पालक म्हणून ‘एक पंचमांश हिस्सा’ थोरल्या दिरांना चाळीस हजार रुपयांना विकला होता. मुलांच्या शिक्षणासाठी पैशांची गरज असल्याचे त्यात लिहिले होते, परंतु न्यायालयाची परवानगी घेतलेली नव्हती. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. तशी विक्री अज्ञानाच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील अविभक्त हितसंबंधाला हे कलम लागू होत नाही. म्हणजे घर खरोखर ‘वडिलोपार्जित’ असते तर हा दोष उद्भवला नसता. ते स्वकष्टार्जित असल्यामुळे, आणि मुलांचा हिस्सा त्यांचा स्वतंत्र असल्यामुळे, उद्भवला. खरेदीखतातील त्या एका ओळीचे महत्त्व येथे कळते.

दोष होता, परंतु तो आता जिवंत होता का? मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६० प्रमाणे, पालकाने केलेली विक्री रद्द करून घेण्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. मुलगा १९९५ मध्ये सज्ञान झाला, मुलगी १९९८ मध्ये. त्यांच्या मुदती अनुक्रमे १९९८ आणि २००१ मध्ये संपल्या. दावा झालेला नव्हता. तथापि विक्री नाकारण्यासाठी दावाच लावला पाहिजे असे नाही. सज्ञान झालेल्याने मुदतीच्या आत आपल्या स्पष्ट कृतीतून, उदाहरणार्थ तोच हिस्सा दुसऱ्याला विकून, नकार दाखवला तरी पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे केवळ न्यायालयाची नोंद पाहून भागत नाही. १९९५ ते २००१ या काळात भावंडांपैकी कोणी काही लिहून दिले होते का, हे नोंदणी कार्यालयात पाहिले आणि त्यांनाही विचारले. काही नव्हते. तेव्हा या दस्ताचा दोष काळाने भरून निघाला होता आणि त्यातले बारा भाग (मधल्या भावाच्या पत्नीचे, म्हणजे काकूंचे, चार आणि मुलांचे चार-चार) थोरल्या भावाकडे वैधपणे आले होते.

पण बाराच. खतात ‘पंचमांश’ म्हणजे सोळा भाग लिहिले असले, तरी चार भाग त्या वेळी आजीचे होते आणि काकूंना ते विकताच येत नव्हते. त्याहून महत्त्वाचे, आजी १९९६ मध्ये गेल्यावर पुतण्या-पुतणीला जे पाच भाग मिळाले ते १९८९ च्या दस्तात असणे शक्यच नव्हते. जिवंत माणसाकडून पुढे वारसाने काही मिळेल ही निव्वळ आशा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे विकता येत नाही. थोरले भाऊ मनापासून मानत होते की त्या शाखेचा हिशेब १९८९ मध्ये संपला. तो संपला नव्हता. पंधरा लाखांचा शिल्लक होता.

दुसरा कागद १९८१ चा, साध्या मुद्रांकावर बहिणीने लिहून दिलेला ‘हक्कसोड’. त्यावर तिची सही होती आणि नात्यातल्या दोघांच्या साक्षीही होत्या, परंतु नोंदणी नव्हती. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा लेख नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. न नोंदवलेल्या लेखाने हक्क सुटत नाही. तो नोंदवलेला असता तरीही आईकडून १९९६ मध्ये येणारे पाच भाग १९८१ मध्ये सोडता आलेच नसते. या कागदाबाबत मला अधिक लिहिण्यासारखे काही दिसत नाही. भावांनी तो जितका जपून ठेवला होता तितका तो उपयोगाचा नव्हता.

तिसरा कागद सर्वांत अवघड होता: आईचे १९९३ चे नोंदणी न केलेले मृत्युपत्र, ज्यात ‘संपूर्ण घर’ धाकट्या मुलाला दिले होते. याच मृत्युपत्राच्या आणि १९८९ च्या खताच्या आधारे १९९७ मध्ये नगर निगमात दोन्ही भावांच्या नावे नामांतरण झाले होते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, आणि इंदूरमधील हिंदूच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा न्यायालयाचा दाखलाही लागत नाही, त्यामुळे केवळ त्या कारणांनी ते निकामी ठरत नव्हते. संपूर्ण घर देण्याचा अधिकार आईंना नव्हता हे उघड आहे. ते खरे ठरले तरी त्यांच्या वीस भागांपुरतेच चालणार. नामांतरणाचाही आधार नव्हता. मध्य प्रदेशातूनच गेलेल्या जितेंद्र सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितले आहे की अशा नोंदीने मालकी मिळत नाही, ती महसुलापुरती असते, आणि मृत्युपत्रावरून वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयात सोडवावा लागतो.

धाकट्या भावाचे म्हणणे होते की तीस वर्षे जुना कागद आपोआप खरा मानला जातो. जुन्या दस्तांबाबत पुरावा कायद्यात तसे गृहीतक आहे खरे, परंतु ते मृत्युपत्राला लागू नाही, हे भरपूर सिंग प्रकरणात २००९ मध्ये स्पष्ट झाले आहे. मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक साक्षीदार बोलवावा लागतो. येथे दोन्ही साक्षीदार वारले होते, म्हणजे त्यांच्या सह्या आणि आईची सही ओळखणारे लोक आणून सिद्ध करणे एवढाच मार्ग उरला होता. हे अशक्य नाही, पण किती काळ चालेल आणि कसे संपेल हे कोणी सांगू शकत नाही.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहू. मृत्युपत्र नसेल तर थोरल्या भावाकडे तेहेतीस भाग म्हणजे नव्व्याण्णव लाख, धाकट्याकडे एकवीस भाग म्हणजे त्रेसष्ट लाख, बहिणीच्या वारसांकडे तितकेच त्रेसष्ट लाख, आणि पुतण्या-पुतणीकडे मिळून पंधरा लाख. मृत्युपत्र खरे असेल तर धाकट्याकडे छत्तीस भाग, एक कोटी आठ लाख. थोरल्याकडे अठ्ठावीस, चौऱ्याऐंशी लाख. बहिणीच्या वारसांकडे सोळा, अठ्ठेचाळीस लाख. आणि पुतण्या-पुतणीकडे काहीच नाही. मृत्युपत्र खरे ठरल्याने थोरल्या भावाचेच नुकसान होते, हे तोपर्यंत कोणाच्या लक्षात आलेले नव्हते. एकत्र विकायला निघालेल्या दोन भावांचे हित एकमेकांविरुद्ध होते, आणि दोघेही ज्या एक कोटी वीस लाखांच्या हिशेबाने चालले होते ती रक्कम कोणत्याच चित्रात कोणालाच मिळत नव्हती.

याशिवाय १९५८ चे मूळ खरेदीखत घरात नव्हते. ‘घर बदलताना गहाळ झाले’ असे सांगण्यात आले. ज्यांनी घर कधी बदललेच नाही अशा कुटुंबाच्या तोंडी हे उत्तर विचित्र वाटले. मूळ खत केवळ जमा करून घेतलेले कर्ज, म्हणजे दस्त जमा करून दिलेले गहाण, नोंदणीशिवायही वैध असते आणि म्हणून सर्चमध्ये दिसत नाही. तारणांची केंद्रीय नोंदवही, सेरसाई, २०११ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या कर्जाबाबत तिच्यातील शांततेचा भरवसा धरता येत नाही. जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यात २००३ चा एका मूल्यांककाचा अहवाल सापडला आणि उलगडा झाला: थोरल्या भावाच्या मुलाने व्यवसायासाठी एका सहकारी बँकेकडून कर्ज घेतले होते, ते फेडले होते, परंतु खत परत आणले नव्हते, आणि मधल्या काळात ती बँक अवसायनात गेली होती, म्हणजे गुंडाळली जात होती. ते काम पाहणाऱ्या अवसायकाकडे अर्ज केल्यावर नोंदवही पाहून कर्ज संपल्याचे पत्र आणि मूळ खत, दोन्ही मिळाले. हे काम विक्रेत्यांच्या खर्चाने करून घेतले.

खरेदीदारापुढे तीन रस्ते होते. पहिला दलालाने सुचवला: दोन भावांकडून आत्ता रजिस्ट्री करून घ्यावी, बाकीच्यांचे ‘नंतर बघू’. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे सामाईक ताब्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली उरलेले वारस न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला त्याचाच हिस्सा विकत मागू शकतात. पूर्ण किंमत भरून, पाडून बांधता न येणारे घर पदरी पडले असते. दुसरा रस्ता, बाकीच्यांची मुखत्यारपत्रे आणि करारनामे गोळा करून ‘व्यवहार’ पूर्ण झाल्याचे मानणे. सूरज लॅम्प निकालानंतर, म्हणजे २०११ पासून, अशा कागदांनी मालकी जात नाही याबद्दल शंकेला जागाच नाही, तरी सुचवणारे अजून भेटतात. तिसरा रस्ता, भावांनी आधी वाटणीचा दावा लावून हुकूमनामा आणावा. तो कायद्याने निर्दोष होता. पण त्याला लागणारा वेळ ऐंशीच्या घरातल्या थोरल्या भावाकडे नव्हता आणि खरेदीदाराकडेही नव्हता.

मी दिलेला सल्ला यांपेक्षा वेगळा होता. मृत्युपत्र खरे की खोटे हे ठरवायचेच नाही. गुंतवणूकदाराला मृत्युपत्राच्या खरेपणात रस नसतो. त्याला असा दस्त हवा असतो की उत्तर काहीही निघाले तरी मालकी त्याच्याकडे आलेली असेल. मृत्युपत्र खरे असेल तर ज्यांच्याकडे हक्क जातो आणि खोटे असेल तर ज्यांच्याकडे जातो, अशा दोन्ही याद्यांतील प्रत्येक माणूस एकाच खरेदीखतावर विक्रेता म्हणून आला की वादाला विषयच उरत नाही. म्हणजे प्रश्न कायद्याचा न राहता पैशांच्या वाटपाचा झाला. शक्यता माहीत असलेले वकील बहुधा निकालाचे भाकीत करत बसतात. येथे दोन चित्रांतले अंतर लाखांत मोजून ते टेबलावर ठेवणे जास्त कामाचे ठरले.

खरेदीदाराने किंमत वाढवायची नाही असे ठरवले, आणि ते योग्य होते. स्वस्तात मिळणारे चाळीस लाख हा नफा नव्हता. गुंता सुटेपर्यंत पैसे आणि वेळ अडकवण्याचा तो मोबदला होता, आणि तोच वारसांत वाटून टाकला असता तर खरेदीदाराने हे घर घेण्याचे कारण उरले नसते. पैसे भावांच्या हिश्श्यातूनच जायला हवे होते. भाऊ तयार झाले याचे श्रेय आमच्या युक्तिवादाला नाही; आधीच्या एका ग्राहकाचे गृहकर्ज बँकेच्या वकिलाने याच कारणाने नाकारले होते, आणि कर्जाशिवाय एवढी रक्कम देणारा दुसरा कोणी समोर नव्हता.

बैठक घरातच झाली. सर्वांत कमी रक्कम ज्यांची होती त्या शाखेचेच बोलणे सर्वांत कठीण गेले. पुतणीने रकमेविषयी काही न विचारता थोरल्या काकांना विचारले, “काका, तेव्हा आईला चाळीस हजार दिले, ते तुम्ही ठरवले की कोणाला विचारून ठरले?” काकांनी सांगितले की त्यांनीच ठरवले होते आणि तेव्हा त्यांच्याकडे तेवढेच होते. पुढे बराच वेळ कोणी हिशेबावर आले नाही. अशा वेळी वकिलाने मध्ये बोलू नये, असे माझे मत आहे. शेवटी वाटप दोन चित्रांच्या साधारण मध्यावर स्थिरावले: थोरल्या भावाला नव्वद लाख, धाकट्याला शहाऐंशी, बहिणीच्या तीन वारसांना प्रत्येकी अठरा म्हणजे चौपन्न, आणि पुतण्या-पुतणीला प्रत्येकी पाच म्हणजे दहा. बेरीज दोन कोटी चाळीस लाख.

बयाना अगदी थोडा दिला गेला आणि तोही सौदा चिठ्ठीत अटी लिहून: सर्व वारसांच्या सह्या, मूळ खत आणि अवसायकाचे पत्र हाती आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, ठरलेल्या तारखेपर्यंत न झाल्यास बयाना परत. वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली. तिने कोणाचा हक्क बुडत नाही. मात्र हरकत घेणारा कोणी दडलेला असेल तर तो पैसे देण्याआधी पुढे येण्याची थोडी शक्यता असते, आणि खरेदीदाराने चौकशी केली होती याचा पुरावा राहतो.

सगळ्यात जास्त वेळ अमेरिकेतल्या भाच्याच्या मुखत्यारपत्राने घेतला. त्याने ते आपल्या बहिणीच्या नावे, घराच्या चतुःसीमा लिहून आणि विक्रीचा, सही करण्याचा व नोंदणीस हजर राहण्याचा स्पष्ट अधिकार देऊन तेथील नोटरीपुढे केले व त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे सरकारी प्रमाणन, घेतले. परदेशात केलेला असा लेख भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही मुदत हुकली की चांगला कागद अडकून बसतो. रजिस्ट्रीच्या दिवशी भाचा हयात आहे आणि अधिकार मागे घेतलेला नाही, याची व्हिडिओ कॉलवर खातरी करून घेतली, कारण मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. तो अनिवासी असल्याने त्याच्या अठरा लाखांवर निवासी विक्रेत्यांप्रमाणे एक टक्का नव्हे, तर वरच्या दराने करकपात करायची होती. कमी कपातीचा दाखला त्याने आधी मिळवला म्हणून व्यवहार खोळंबला नाही.

खरेदीखताचा मसुदा लांबला, आणि तो लांबायलाच हवा होता. वंशावळी आणि प्रत्येक मृत्यूची तारीख त्यात आली. १९८१ च्या लेखावर कोणीही हक्क सांगत नाही असे नोंदले. १९८९ चे खत पुतण्या-पुतणीने सज्ञानपणे मान्य केल्याचे कलम घातले आणि काकू संमती देणाऱ्या म्हणून सामील झाल्या. मुदत संपलेली असली तरी एका ओळीची मान्यता मिळत असताना मुदतीच्या युक्तिवादावर विसंबण्यात अर्थ नाही. मृत्युपत्राबाबतचे कलम सर्वांत काळजीने लिहिले: ते खरे असल्यास धाकट्या भावाला मिळालेला आणि खरे नसल्यास इतर वारसांना मिळालेला, असा आईचा संपूर्ण हिस्सा सर्व विक्रेते मिळून खरेदीदारास देत आहेत. हिश्श्यांचे आकडे खतात लिहिले नाहीत. प्रत्येकाला मिळालेली रक्कम मात्र त्याच्या स्वतःच्या बँक खात्याच्या तपशिलासह लिहिली, जेणेकरून ‘माझे पैसे भावाने घेतले’ असे कोणाला म्हणता येऊ नये. कुटुंबातील समझोत्याचा वेगळा कागद केला नाही. झालेल्या तोंडी वाटपाची नुसती आठवण नोंदवणाऱ्या लेखाला नोंदणी लागत नाही हे खरे असले, तरी तो आठवण आहे की नवीच वाटणी, हा वाद पुढे कोणीही उकरू शकतो.

विक्रेत्यांनी दिलेली नुकसानभरपाईची हमी खतात आहे, परंतु ती मी फारशी मोजत नाही. पैसे वाटले गेल्यावर सात ठिकाणच्या सात माणसांकडून भरपाई वसूल करणे हा स्वतंत्र व्याप आहे. दुकानातला भाडेकरू राहिलाच. मध्य प्रदेशाच्या १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे नव्या मालकाला स्वतःच्या गरजेच्या कारणाने जागा रिकामी करून मागण्याचा दावा खरेदीपासून एक वर्ष लावता येत नाही, आणि नंतरही ती गरज सिद्ध करावी लागते. त्यामुळे खरेदीदाराने पाडून बांधण्याचा बेत लांबणीवर टाकला, भाडेकरूला मालक बदलल्याची लेखी सूचना दिली, भाड्याची पावती नव्या नावाने सुरू केली, आणि त्याच्याशी नव्या इमारतीत तेवढेच दुकान देण्याची बोलणी चालू केली. नगर निगमात नामांतरणाचा अर्ज केला तेव्हा अर्जासोबत १९९७ च्या नोंदीची प्रतही लावली, म्हणजे आधीची दोन नावे कशाच्या आधारे आली होती आणि आता सगळी नावे एकदम का निघत आहेत, याचा खुलासा त्याच फाइलमध्ये राहील.